राजकन्येचे रक्त आणि खाटकाची टोपी

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या जाड पुस्तकांखाली हल्ली वेगळीच पुस्तके सापडतात. मुखपृष्ठावर तलवार घेतलेली मुलगी, मागे ड्रॅगन, चंद्र, कमळे, राजवाड्याची कौले. पुस्तके इंग्रजी. लिहिणाऱ्या बहुतेक जणी अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये वाढलेल्या आशियाई वंशाच्या लेखिका. वाचणाऱ्या आमच्या अकरावी-बारावीतल्या बहिणी आणि भाच्या. एकच प्रत असते आणि ती दहा घरे फिरते. घरातली मोठी माणसे म्हणतात, पोरी वेळ वाया घालवतात. आम्ही तसे म्हणालो नाही. आम्ही ती पुस्तके त्यांच्याकडून मागून घेतली आणि वाचली.

वाचल्यावर दोन गोष्टी झाल्या. पहिली, आम्हालाही ती आवडली. दुसरी, झोप उडाली. ह्या कथा आशियाच्या इतिहासातून बरेच काही उचलतात, पण नेमके आपल्याला जे माहीत असायला हवे तेच मागे ठेवतात. काय उचलले आणि काय गाळले, त्याचा हा हिशेब आहे.

आधी चांगले ते मान्य करू

हा साहित्यप्रकार म्हणजे तरुण वाचकांसाठी लिहिलेली अद्भुत प्रेमकथा. जादू, राक्षस, शाप आणि त्यात एक प्रेम. पूर्वी अशा कथांतले जग हमखास युरोपातले असे. गोरा राजपुत्र, दगडी किल्ला. मागच्या दहा-बारा वर्षांत हे चित्र बदलले. रेने अहदिए हिने २०१५ मध्ये अरबी सुरस कथांवरून 'द रॅथ अँड द डॉन' लिहिली, २०१७ मध्ये सामुराईंच्या जपानवरून 'फ्लेम इन द मिस्ट'. रोशनी चोक्शी हिने २०१६ मध्ये भारतीय पुराणकथांवरून 'द स्टार-टच्ड क्वीन' लिहिली. ॲक्सी ओ हिने २०२२ मध्ये कोरियातल्या सिमचोंगच्या लोककथेला नवे रूप दिले. काळ्या केसांच्या, सावळ्या, बारीक डोळ्यांच्या मुली कथेच्या मध्यभागी आल्या. त्या लढतात, प्रश्न विचारतात, प्रेम स्वतः निवडतात. आमच्या भाच्यांना हे आवडते, तर त्यात चुकीचे काय?

पण कथेच्या मध्यभागी कोण आले हे पाहताना कथेच्या बाहेर कोण राहिले हेही पाहावे लागते. ही सवय आपल्याला जोतीरावांनी लावली आहे. १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त त्यांनी वामन आणि परशुरामाच्या अद्भुत कथा हातात घेतल्या आणि विचारले, ह्यात जिंकले कोण, हरले कोण, आणि कथा सांगतो कोण? दीडशे वर्षांनी तोच प्रश्न आम्ही ह्या नव्या अद्भुत कथांना विचारतो आहोत.

पहिली युक्ती: जन्माचे गुपित

स्यू लिन टॅन हिची 'डॉटर ऑफ द मून गॉडेस' घ्या. नायिका हलक्या कामाला लागते, अपमान सोसते, पुढे राजपुत्राची सोबतीण होते. वाचक तिच्या बाजूने उभा राहतो. पण ती आहे कोण? चंद्रदेवी चांग-अची मुलगी. 'फ्लेम इन द मिस्ट'मध्ये सामुराईची मुलगी दरोडेखोरांच्या टोळीतल्या तरुणाच्या प्रेमात पडते. वाटते, आता घराण्याची भिंत पडणार. पण शेवटाकडे कळते की तो शेवटच्या शोगुनचाच मुलगा आहे. भिंत जागच्या जागी राहते. दोघेही आधीपासून भिंतीच्या आतलेच होते!

ही युक्ती आपल्याला नवी नाही. कर्णाचे शौर्य सूतपुत्राचे शौर्य म्हणून पचत नाही, म्हणून कथेला त्याच्या जन्माचे गुपित लागते. मग तो सूर्याचा आणि कुंतीचा मुलगा निघतो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. एकलव्य निषादाचाच राहतो, म्हणून अंगठा जातो. गुणवान माणूस उच्च जन्माचाच असला पाहिजे आणि तसा नसेल तर त्याचे गुण कापले पाहिजेत, ही ती शिकवण आहे.

कोरियाची सर्वांत लाडकी जुनी प्रेमकथा चुनह्यांगची. नामवोनमधल्या एका गिसेंगची, म्हणजे दरबारी नर्तकीची, ही मुलगी. गिसेंग हलक्या जन्माच्या मानल्या जात आणि मुलगीही आईच्याच दर्जाची. तिचे प्रेम यांगबान, म्हणजे सरदार-अधिकारी वर्गातल्या, मुलावर. नवा हाकीम तिला भोगदासी व्हायला सांगतो, ती नकार देते, तुरुंगात मार खाते. ह्या नकारात केवढी ताकद आहे! पण त्या कथेच्या अनेक पाठांत चुनह्यांगचा बाप यांगबान आहे, आणि शेवटी राजा तिला मोठा किताब देतो तेव्हाच लग्न शोभते. जिचा बाप कोणी बडा नव्हता आणि जिला राजाने किताब दिला नाही, तिच्या प्रेमाचे काय झाले असेल?

दुसरी युक्ती: फरक शरीरात घालणे

काही लेखिका जातीचा प्रश्न टाळत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. नताशा न्गान हिच्या २०१८ च्या 'गर्ल्स ऑफ पेपर अँड फायर'मध्ये उघडउघड जाती आहेत. कागद जात म्हणजे साधी माणसे, पोलाद जात म्हणजे अर्धे राक्षस, चंद्र जात म्हणजे पूर्ण राक्षस. राक्षसराजाला दर वर्षी कागद जातीच्या आठ मुली पुरवल्या जातात. नायिका लेई नववी म्हणून उचलून नेली जाते आणि त्या मुलींपैकीच एकीच्या प्रेमात पडते. राजाची सत्ता स्त्रीच्या शरीरावर कशी चालते हे ह्या पुस्तकाने धीटपणे मांडले आहे. आमच्या भाच्यांनी ते जरूर वाचावे.

पण एक घोटाळा लक्षात घ्या. ह्या जगात जात अंगावर दिसते. शिंगे, खवले, पंख. राक्षस खरोखरच वेगळा आणि खरोखरच बलवान आहे. म्हणजे विषमता आधी निसर्गात आहे आणि मग समाजात आली. जातीचे समर्थक हजारो वर्षे हेच तर सांगत आले! खऱ्या जातीचे गणित उलटे आहे. शरीरे सारखी असतात आणि फरक दिसत नाही, म्हणून तो दिसावा यासाठी कायदे करावे लागतात. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिसंहारा'च्या भाषणात लिहिले. जन्मतःच शिंगे असती, तर मडक्याची गरज का पडली असती?

कोरियातले खाटीक

ज्या कोरियन राजवाड्यांवर आजच्या मालिका आणि कादंबऱ्या पोसल्या जातात, ते मुख्यतः जोसन घराण्याचे. हे राज्य १३९२ मध्ये सुरू झाले आणि पाचशे वर्षे टिकले. वर यांगबान, खाली मधले आणि सामान्य लोक, आणि तळाला 'छोनमिन', म्हणजे नीच मानलेले. त्यांत नोबी नावाचे वंशपरंपरागत गुलाम होते. आईबापांपैकी एक जरी गुलाम असला तरी मूल गुलाम, असा नियम दीर्घकाळ चालला. मालिकेत राजकन्येच्या मागे मान खाली घालून चालणाऱ्या दासी दिसतात ना, त्यांचीही प्रेमे होती. त्यांच्या प्रेमातून मालकाची मालमत्ता वाढत होती.

आणि ह्याच तळात बेकजोंग होते. जनावरे कापणारे, कातडे कमावणारे, वाळुंजाच्या फांद्यांच्या टोपल्या विणणारे. वस्ती वेगळी. रेशीम घालायचे नाही. सामान्य माणसाच्या पोरासमोरही वाकायचे. इतरांसारखी टोपी घालायची नाही, डोक्यावर हलक्या दर्जाची बांबूच्या कामट्यांची टोपी हवी. पेशवाईतल्या मडक्याचेच हे कोरियन रूप.

त्यांच्या नावाचा इतिहास ऐका. 'बेकजोंग' हा शब्द आधीच्या कोर्यो राजवटीत साध्या शेतकऱ्यासाठी होता. १४२३ मध्ये राजा सेजोंगने ह्या हिणवलेल्या लोकांना समाजात सामावून घ्यावे म्हणून त्यांची जुनी नावे बदलली आणि हे चांगले नाव दिले. पुढे काय झाले? लोक चांगले झाले नाहीत, नावच शिवी झाले. खऱ्या शेतकऱ्यांनी ते नाव टाकून दिले. ज्यांनी आपल्याकडे 'हरिजन' हा शब्द ऐकला आहे, त्यांना ह्यावर भाष्य नको.

१८९४ मध्ये डोंगहाक शेतकऱ्यांनी बंड केले. त्यांच्या मागण्यांची जी यादी पुढे छापली गेली, तिच्यात बेकजोंगांच्या डोक्यावरची ती टोपी काढा अशी मागणी आहे, आणि तरुण विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक द्या अशीही मागणी आहे. टोपी आणि विधवा एकाच यादीत! त्याच वर्षी सरकारने कायद्याने जन्माधारित दर्जा आणि गुलामी रद्द केली. कागदावर सगळे समान झाले. पण १९२३ पर्यंत जिंजू शहरातला सधन बेकजोंगसुद्धा आपल्या मुलाला शाळेत घालू शकत नव्हता. त्या संतापातून त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना उभी राहिली. 'ह्योंग' म्हणजे तराजू. ज्या तराजूने मांस तोलायचे, तोच त्यांनी समतेची खूण केला. उत्तर काय मिळाले? गावकऱ्यांनी त्यांच्या मांसावर बहिष्कार घातला आणि हल्ले केले.

जपान: लपवलेला जन्म

जपानमध्ये हेच काम करणाऱ्यांना 'एता', म्हणजे घाणीने भरलेले, म्हणत. १८७१ मध्ये सरकारी फर्मानाने हा दर्जा संपला. पण १८७२ च्या कुटुंबनोंदवहीत काही ठिकाणी त्यांच्या नावापुढे 'नवे सामान्य' असा शिक्का पडला. म्हणजे मुक्ती दिली आणि ओळखही लिहून ठेवली. शिमाझाकी तोसोनची १९०६ ची 'हाकाई' ही कादंबरी ह्यावरच आहे. शिक्षक असलेल्या नायकाला बापाने बजावलेले असते, आपला जन्म कोणाला सांगू नकोस. शेवटी तो वर्गातल्या मुलांसमोर तो उघड करतो. इथेही जन्माचे गुपित आहे. पण अद्भुत प्रेमकथेत गुपित उघडले की राज्य मिळते, आणि इथे उघडले की नोकरी जाते. इतिहास आणि कल्पना ह्यांतला फरक इतका आहे.

लग्नाच्या वेळी मुलाचे वा मुलीचे मूळ गाव शोधून काढण्याचा धंदा तिथे विसाव्या शतकातही चालला. १९७५ मध्ये बुराकू वस्त्यांची नावे-पत्ते असलेली गुप्त पुस्तके मोठ्या कंपन्यांना विकली जात असल्याचे उघड झाले. खाजगी गुप्तहेरांकडून होणाऱ्या अशा तपासावर ओसाका प्रांताला १९८५ मध्ये कायदा करून बंधन घालावे लागले. राक्षसाच्या अंगावर खवले असते, तर गुप्तहेर कशाला लागला असता?

आपण बौद्ध आहोत म्हणून आणखी एक कडू गोष्ट लपवणार नाही. जपानमधल्या काही बौद्ध मंदिरांनी बुराकू माणसांना मृत्यूनंतर दिलेल्या धार्मिक नावांत 'पशू' अशा अर्थाची अक्षरे घातली, आणि ती थडग्याच्या दगडांवर कोरली गेली. बुराकू चळवळीने जाब विचारला, तेव्हा धर्मपीठांना चूक कबूल करावी लागली. नुसते बौद्ध नाव लावून जन्माचा अहंकार जात नाही, हा धडा आपल्यालाही आहे. लग्न जुळवताना आपल्यातच पोटजात विचारणारे बौद्ध कुटुंब कोणी पाहिले नाही असे म्हणू नये.

आता ह्या तारखा एका ओळीत वाचा. मार्च १९२२, क्योतो, बुराकूंची सुईहेईशा. एप्रिल १९२३, जिंजू, ह्योंगप्योंगसा. जुलै १९२४, मुंबई, बाबासाहेबांची बहिष्कृत हितकारिणी सभा. मार्च १९२७, महाडचे चवदार तळे. पाच वर्षांत आशियाच्या तीन कोपऱ्यांतून तळातली माणसे उठली. ड्रॅगनच्या पाठीवर बसून कोणी आले नाही. हा आशियाचा इतिहास कोणत्या मुखपृष्ठावर आहे?

प्रेमाला जात का घाबरते

प्रेमकथेला हलके समजणाऱ्या कार्यकर्त्यांना आम्ही इथे थांबवू. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात तरुण बाबासाहेबांनी जातीवर निबंध वाचला. त्याचा गाभा असा की जातीचे सार गटाच्या आतच लग्न करण्यात आहे. ती भिंत टिकवायला सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह लागले. म्हणजे स्त्रीने कोणावर प्रेम करावे ह्यावर पहारा बसवल्याशिवाय जात एक पिढीही टिकत नाही. वीस वर्षांनी 'जातिसंहारा'त त्यांनी आंतरजातीय विवाह हा खरा उपाय सांगितला, आणि त्याआड येणारी शास्त्रांवरची श्रद्धा मोडण्याचे आवाहन केले. म्हणून प्रेमकथा हा आपल्यासाठी राजकीय साहित्यप्रकार आहे.

बाराव्या शतकात कल्याणमध्ये, आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणमध्ये, शरणांनी हे करून पाहिले. शरण परंपरा सांगते की चर्मकार हरळय्याच्या मुलाचे आणि जन्माने ब्राह्मण असलेल्या मधुवरसाच्या मुलीचे लग्न झाले, आणि शिक्षा म्हणून दोन्ही बापांना हत्तीच्या पायी देऊन मारले. तिथे राजा होता, राजवाडा होता, प्रेम होते, हत्तीही होते. अद्भुत कथेला आणखी काय सामान लागते?

आणि हे जुने म्हणून सोडता येत नाही. सोनई २०१३, खर्डा २०१४. ही नावे वाचताना आमचा हात थांबतो. तिथल्या मुलांच्या जन्मात कुठलेच राजेशाही गुपित नव्हते.

प्रकृतीची कथा

मग आपल्याकडे अद्भुत प्रेमकथा नाही का? आहे, आणि बुद्धांच्या परंपरेतच आहे. 'दिव्यावदान' ह्या बौद्ध संस्कृत ग्रंथात शार्दूलकर्णाची कथा आहे. आनंद प्रकृती नावाच्या चांडाळ मुलीकडे पाणी मागतो. ती आपली जात सांगते. तो म्हणतो, मी पाणी मागितले, जात विचारली नाही. ती त्याच्या प्रेमात पडते. तिची आई मंत्र घालते, जादूने आनंद ओढला जातो, बुद्ध त्याला सोडवतात. पुढे प्रकृती संघात भिक्खुणी होते. श्रावस्तीतले ब्राह्मण आणि राजा अस्वस्थ होतात. तेव्हा बुद्ध मागच्या जन्माची कथा सांगतात. मातंगांचा राजा त्रिशंकू आपल्या मुलासाठी एका ब्राह्मणाची मुलगी मागतो. ब्राह्मण संतापतो. त्रिशंकू उत्तर देतो की पशूंना, झाडांना जातीजातींच्या खुणा वेगळ्या असतात, माणसांत तशी एकही खूण नाही. ब्राह्मण निरुत्तर होतो आणि लग्न होते. तो मातंग मुलगा म्हणजे आनंद आणि ती ब्राह्मण मुलगी म्हणजेच प्रकृती.

नीट पाहा. एका जन्मात तो मातंग आणि ती ब्राह्मण, दुसऱ्या जन्मात तो शाक्य कुळातला आणि ती चांडाळ. जन्माचे गुपित इथेही उघडते, पण ते प्रकृतीला मोठे करायला उघडत नाही. जन्म हे किती पोकळ मोजमाप आहे, ते दाखवायला उघडते. वर पाहिलेल्या दोन्ही युक्त्यांना ह्या कथेत उत्तर आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये प्रकृतीच्या दीक्षेला स्वतंत्र जागा दिली, ती उगाच नाही.

कोणी म्हणेल, अहो, पोरींच्या करमणुकीची पुस्तके आहेत, एवढे काय मनाला लावून घेता? पुराणेही करमणूक म्हणूनच सांगितली गेली. कीर्तनात, जत्रेत, आजीच्या मांडीवर. माणूस ज्या कथेत रमतो, तिच्यातला न्याय त्याला साहजिक वाटू लागतो.

म्हणून भाच्यांनो, पुस्तके खाली ठेवू नका. वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवा. नायिकेचे मोल तिच्या कामातून ठरते की रक्तातून? राजवाड्यातले मांस कोण कापते, कातडे कोण कमावते, आणि त्यांना कथेत नाव आहे का? आणि शेवटी सिंहासन मोडते, की त्यावर फक्त चांगला राजा बसतो? एलिझाबेथ लिमच्या 'स्पिन द डॉन'मधली शिंप्याची मुलगी आपल्या हातातल्या सुईने पुढे जाते. अशी पुस्तके कमी आहेत, पण आहेत.

चौथी गोष्ट प्रश्न नाही, काम आहे. लिहा. जिंजूच्या तराजूवर लिहा, कल्याणच्या त्या मुलीवर लिहा, नदीकाठच्या प्रकृतीवर लिहा. जादू हवी तेवढी घाला. फक्त शेवटच्या पानावर तुमची नायिका कोणाची हरवलेली राजकन्या निघू देऊ नका. ती खाटकाचीच मुलगी राहू द्या, आणि तिच्या प्रेमाला कोणाच्या किताबाची गरज पडू देऊ नका.

जय भीम!